पावसाळ्यात भाजी टिकवायची कशी? कांदे, कोथिंबीर आणि फ्रिजची कुरबुर

पडवळ
पावसाळा लागला की तीन तक्रारी ठरलेल्या. कोथिंबीर तिसऱ्या दिवशी चिकट होते, कांद्यांना कोंब येतात, मिरच्यांना देठापाशी बुरशी धरते. भाजी आठवड्यातून एकदाच, रविवारच्या बाजारातून येते. माणसं चार. फ्रिज २६० लिटरचा, खाली भाजीचा एकच ड्रॉवर. कांदे मे महिन्यात भरलेले, १५ किलो, बाल्कनीत जाळीच्या गोणीत. बटाटे ५ किलो, त्याच गोणीला टेकून.

काय फ्रिजमध्ये ठेवायचं, काय बाहेर, आणि कशात गुंडाळून? "चांगले हवाबंद डबे घ्या" आणि "रोज ताजी आणा" ही दोन उत्तरं सोडून काहीही चालेल.

फोडणी
रोज ताजी आणा.
(पळाले.)

काटकोन
भाजी तोडली तरी तिचा श्वास चालू असतो. ती साखर जाळते, ऊब सोडते, पाणी सोडते. पिशवीत कोंबली की हेच पाणी आत थेंब होऊन बसतं आणि कुजवणारे जंतू त्या थेंबांतच वाढतात. म्हणजे पाणी पानाच्या आत राहायला हवं, पानावर नको. सगळी खटपट या एका गोष्टीसाठी.

कोथिंबिरीचं सांगतो. जुडीचा दोरा आल्या आल्या सोडा, जुडी आतून तापते. पिवळी, काळी, चुरगळलेली पानं काढून टाका. एक सडकं पान दोन दिवसांत शेजारची दहा घेऊन जातं. मुळं कापा, काड्या राहू द्या. धुऊ नका. सुती कापडावर पसरून पंख्याखाली तासभर, पावसाळी हवेत दोन तास. पानं कोरडी लागली पाहिजेत, मलूल नकोत. मग डब्यात तळाशी कोरडं कापड, त्यावर कोथिंबीर सैल, वर आणखी एक कापड आणि झाकण. तिसऱ्या दिवशी कापड हाताला ओलसर लागेल, ते बदला. कापड बदललं नाही तर डबा कितीही महागाचा असो, उपयोग नाही. असे दहा-बारा दिवस निघतात.

मिरगुंड
मुळासकट जुडी मिळाली तर पाण्याच्या ग्लासात उभी करायची. फक्त मुळं बुडतील इतकंच पाणी, दोन बोटं. वरून पिशवी सैल टोपीसारखी. पाणी एक दिवसाआड बदलायचं. यात कापडापेक्षा कमी कटकट आहे, पण फ्रिजमध्ये ग्लास उभा राहायला जागा लागते आणि तो कुणीतरी सांडतोच.

मिरच्यांचे देठ काढून ठेवा. बुरशी देठाच्या खाचेत साठलेल्या पाण्यातून सुरू होते. देठ ओढताना मिरचीचं डोकं फाटलं तर ती त्याच दिवशी वापरायची, डब्यात टाकायची नाही.

शेवग्याची शेंग
न धुता ठेवायचं हे पावसाळ्यात कसं जमवायचं? मेथी-पालकाला पाव किलो चिखल असतो. तो डब्यात गेला तर?

काटकोन
@शेवग्याची शेंग, चिखल असेल तर धुवाच, पण मग वाळवणं आलं. भांडंभर पाण्यात बुडवून वर उचलायची, पाणी ओतायचं आणि भांडं तळाशी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. नळाखाली धरली तर चिखल पानांच्या बेचक्यात बसतो. मग पंचात सैल गाठोडं बांधून गोल फिरवा, बाल्कनीत, घरात नको. त्यानंतर पंखा. एवढं करायचं नसेल तर चिखलाची भाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा. मेथी निवडून, फक्त पानं कोरडी करून ठेवली तर चार-पाच दिवस पुरते. पालक त्याहून कमी.

चाळीतला कांदा
कांद्याबद्दल. पहिला प्रश्न, कांदा कुठला भरला? "मे महिन्यात भरला" म्हणजे उन्हाळ असायला हवा, पण दुकानदार सांगतात म्हणून विश्वास ठेवू नका.

आमच्या नाशिककडे तीन धरतात : लाल म्हणजे पोळ, मग रांगडा, मग उन्हाळ, ज्याला गावठीही म्हणतात. लाल कांद्यात पाणी जास्त, साल पातळ नि एकेरी, मान जाड. तो महिनाभरात संपवायचा कांदा. रांगडा थोडा बरा. उन्हाळ मार्च ते मे निघतो. फिकट विटकरी रंग, दोन-तीन कोरडे पापुद्रे, मान बारीक आणि वाळून बंद झालेली, मुठीत दाबला तर दगडासारखा. हा नीट सुकवलेला असेल तर चार-सहा महिने जातो. कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, घालण्याआधी शेतकरी पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवतो, मग इंचभर मान ठेवून पात कापतो आणि पुन्हा दहा-बारा दिवस सावलीत. मान पार बुडापासून कापलेला कांदा कधीच साठवणीला घेऊ नये, तिथूनच सड आत शिरते.

कांद्याला टिकायला दोनच हवामानं मानवतात. एक तर शून्याजवळची थंडी, नाहीतर २५ ते ३० अंशांची कोरडी ऊब, हवेत दमटपणा ६५-७० टक्के. मधल्या थंडीत त्याला वाटतं पेरणीची वेळ झाली, आणि कोंब फुटतो. म्हणून अख्खा कांदा घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नये.

घरात कसा ठेवायचा : भोकं असलेला क्रेट किंवा बांबूची टोपली. खाली दोन विटा, म्हणजे हवा खालून वर जाईल. भिंतीपासून वीतभर लांब. थर एक फुटापेक्षा जाड नको. जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा) आलेला आणि मार लागलेला आधी बाजूला काढून खायला घ्यायचा. वरचे सुटे पापुद्रे स्वच्छतेच्या हौसेने चोळून काढू नका, ते कांद्याचं इरलं आहे. दर आठ दिवसांनी क्रेट रिकामा करून प्रत्येक कांद्याची मान अंगठ्याने दाबायची. दबली तर तो आजच्या भाजीत. झड लागली असेल तर तासभर टेबलफॅन क्रेटवर.

आणि पावसाळ्यात बाल्कनी? नाही म्हणजे नाही. उडालेले तुषार पुरतात.

निशिगंध
सालीखाली काळी पावडर असते ती काय? फेकायचा का?

चाळीतला कांदा
काजळी. बुरशी आहे, दमट-गरम हवेत वाढते. वरच्या एक-दोन पाकळ्यांवरच असेल तर त्या काढायच्या, कांदा धुऊन, सुरीही धुऊन वापरायचा. आतल्या मांसल भागापर्यंत गेली असेल किंवा वास येत असेल तर टाकून द्या. काजळीचा कांदा क्रेटमध्ये आपटू नका, पावडर सगळीकडे बसते.

कोंब आलेला कांदा खायला काही हरकत नाही. आतून पोकळ नि चिवट होतो, इतकंच. कोंब पातीसारखा चिरून घाला.

बटाटावडा
कांद्यावर इतकं झालं, आता बटाट्याला न्याय द्या. बटाट्याला अंधार लागतो, कांद्याला वारा. इथेच दोघांचं फाटतं. उजेडात बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग नुसत्या हरितद्रव्याचा, पण त्याच उजेडात सोलॅनिन नावाचं कडू विषही वाढतं आणि ते शिजवून जात नाही. हिरवा भाग जाड कापून टाकायचा. चव कडवट लागली तर पूर्ण बटाटा टाकायचा, लहान मुलांना तर मुळीच द्यायचा नाही. डोळे फुटलेले खोल कोरून काढा. सुरकुतून मऊ पडलेला आणि कोंबांनी भरलेला बटाटा वाचवत बसू नका.

फ्रिजमध्येही नको. सात-आठ अंशांच्या खाली बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलायला लागतो. भाजी गोड लागते आणि काप तळले की आतून कच्चे असतानाच बाहेरून काळपट होतात. वेफर्सवाले म्हणूनच आपला माल बियाण्याच्या बटाट्याइतका गार ठेवत नाहीत. चुकून फ्रिजमध्ये राहिलाच तर आठ-दहा दिवस बाहेर ठेवून बघा, साखर बरीचशी उतरते. वड्याला चालेल, फिंगर चिप्सना नाही.

तागाची पिशवी किंवा कागदी खोकं, झाकण अर्धवट, ओट्याखाली. गॅसच्या आणि फ्रिजच्या मागच्या बाजूच्या उबेपासून दूर. धुऊन ठेवू नका, माती राहू द्या.

फोडणी
आमच्याकडे बटाट्यात एक सफरचंद ठेवतात, कोंब येत नाहीत म्हणे. सफरचंद १८० रुपये किलो, बटाटा ३०. राखणदार मालकापेक्षा महाग.

काटकोन
सफरचंदाची गोष्ट अर्धी खरी आहे. सफरचंदातून इथिलिन वायू निघतो, फळं पिकवणारा. सतत, मोजून दिला तर तो बटाट्याचे कोंब आखूड ठेवतो, परदेशात शीतगृहांत तसं करतातही. पण थोडा वेळ मिळून थांबला तर उलट बटाट्याची झोपमोड होते. घरच्या पिशवीत किती वायू जमला हे कुणाला कळणार? त्यातून सफरचंद सडलं तर बटाटेही सडणार. सोडून द्या.

इथिलिनचा खरा धडा फ्रिजच्या ड्रॉवरमध्ये आहे. पिकलेलं केळं, आंबा, पपई, चिकू, पेरू, सफरचंद, टोमॅटो हे सोडणारे. पालेभाज्या, काकडी, वांगी, ब्रोकोली, गाजर हे सोसणारे. एका ड्रॉवरमध्ये ठेवले की काकडी पिवळी पडते, पालेभाजी पिवळी पडते, गाजर कडू होतं. पडवळ, तुमच्याकडे ड्रॉवर एकच आहे, तर तो भाज्यांना द्या आणि फळं वरच्या फळीवर टोपलीत.

ड्रॉवरला सरकपट्टी असेल तर पालेभाजीसाठी बंद, फळांसाठी उघडी. बंद म्हणजे ओल आत राहते. ड्रॉवर दोन-तृतीयांशच भरा.

मिरगुंड
कांदा-बटाटा वेगळे ठेवावे हे मान्य, पण लोक सांगतात तसं कारण इथिलिन नव्हे. कांदा ते फारसं सोडत नाही. बटाटा पाणी सोडतो आणि शेजारचा कांदा ते पितो, बस. एकाच कपाटात दोन वेगळ्या टोपल्या, मध्ये हवा, एवढं पुरतं. लोक उगाच एक स्वयंपाकघरात नि दुसरा बेडरूममध्ये ठेवतात.

बटाटावडा
कारण कुठलंही धरा, टेकून ठेवू नये यावर तरी एकमत. पण एकाच कपाटात म्हणजे अंधार दोघांना आणि वारा दोघांनाही नाही. कांद्याला उघडी फळीच बरी.

तिरफळ
फ्रिजमध्ये काय घालू नये याची यादी लांब आहे आणि तिकडे कुणी वळत नाही. केळं १३ अंशांच्या खाली काळं पडतं, कच्चं असेल तर पुढे पिकतही नाही. पूर्ण पिकलेलं असेल तर ठेवा, साल काळी होईल, आतला गर चार दिवस चांगला. रताळं फ्रिजमध्ये आतून कडक होतं आणि कितीही उकडलं तरी मधला गाभा लाकडासारखा. वांग्याला खळगे पडतात, बिया तपकिरी होतात. भेंडी चिकट होऊन तिच्यावर काळे ठिपके येतात. वांगी, भेंडी, काकडी यांना साधारण आठ-दहा अंश हवेत, म्हणून फ्रिजच्या पाठीमागच्या गार भिंतीला लावू नका. समोरच्या बाजूला, कापडी पिशवीत, तीन-चार दिवस. कच्चे टोमॅटो बाहेर, देठाची बाजू खाली करून. देठाच्या खळग्यातूनच त्यांचं पाणी उडतं. पिकले की मग आत.

लाल भोपळा आणि कोहळा तर फ्रिज मागतच नाहीत. देठ दोन-तीन इंच ठेवून काढलेला, बिनमाराचा भोपळा शिंक्यात टांगला की महिने जातात. कोकणात तवसंही (मोठी काकडी) असंच माळ्याला टांगतात. कोहळ्यावरचा पांढरा लेप पुसू नये, तो त्याचा मेणकापडाचा अंगरखा. भोपळा कापला की मात्र बिया आणि मधला भुसभुशीत गर लगेच काढा. सड तिथूनच धरते.

निशिगंध
वर्तमानपत्रात गुंडाळायचं का? सगळे गुंडाळतात, आणि शाई वाईट असंही म्हणतात.

शेवग्याची शेंग
एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं सांगितलंय. वडापाव-भजी हा खरा धोका, गरम आणि तेलकट. पण ओल्या पालेभाजीलाही शाई लागते. जुन्या सुती साडीचे तुकडे घ्या, धुऊन पुन्हा वापरता येतात. वर्तमानपत्र शेवग्याच्या शेंगांना किंवा फ्लॉवरच्या बाहेरच्या पानांवरून गुंडाळायला ठीक. फ्लॉवर उलटा ठेवायचा, तोंड खाली, म्हणजे गड्ड्यावर थेंब बसून तपकिरी डाग पडत नाहीत.

वऱ्हाडी ठेचा
सगळा धागा फ्रिजभोवती फिरून राहिला. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विटांची शून्य-ऊर्जा शीतपेटी काढली, ती कुणी बांधत नाही. जमिनीवर विटांचा ओटा, त्यावर दोन भिंती एकीच्या आत एक, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, फटीत नदीची वाळू. वर बांबूच्या चौकटीवर वाळ्याचं किंवा गवताचं झाकण, आणि पूर्ण पेटीवर मांडव. सकाळ-संध्याकाळ वाळू नि झाकण भिजवायचं. मे महिन्यात बाहेर ४४ असताना आत दहा-पंधरा अंश कमी, दमटपणा ९० टक्क्यांवर. पालेभाजी एका दिवसाऐवजी तीन दिवस. लाईट गेली तरी चालू.

घरात छोटी करायची तर मोठ्या कुंडीत लहान माठ, मध्ये तीन बोटं ओली वाळू, वर ओलं पोतं. मात्र बाहेरची मोठी कुंडी मातीची, झिलई नसलेली हवी, नाहीतर पाणी झिरपत नाही.

तिरफळ
आणि रत्नागिरीत जुलैमध्ये?

वऱ्हाडी ठेचा
रत्नागिरीत जुलैमध्ये वाळू भिजवायची गरज नाही, ती आपोआप भिजते. :) मान्य, हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं आणि उडतं तेव्हाच गारवा येतो. पावसाळ्यात आमच्या नागपुरातही ही पेटी बंदच. तिचा हंगाम मार्च ते जूनचा पहिला आठवडा. पडवळ यांना आत्ता उपयोग नाही, पुढच्या उन्हाळ्यासाठी धरा.

फोडणी
आंब्याची आढी पण येऊ द्या आता, विषय निघालाच आहे तर. हंगाम संपला तरी तोंडाला पाणी सुटायला काय जातं.

तिरफळ
थोडक्यात सांगतो. देठासकट उतरलेला हापूस, चीक निथळलेला. आंबे पूर्ण कोरडे. खोक्यात भाताचा पेंढा चार बोटं, त्यावर आंब्यांचा एकच थर, एकमेकांना न टेकता, वर पेंढा, मग दुसरा थर. दोनपेक्षा जास्त नको, खालच्यांना मार बसतो. तिसऱ्या दिवसापासून रोज हात घालून पाहायचं, पिकलेला आणि डागाळलेला बाहेर. आठ-दहा दिवसांत रंग चढतो. कच्चा हापूस फ्रिजमध्ये घातला तर नंतर पिकताना साल काळपट आणि चव पाणचट. पिकल्यावर चार-पाच दिवस फ्रिज चालतो. साका (गर पांढरट, स्पंजासारखा होणं) मात्र आढीत पडत नाही, तो झाडावरूनच आलेला असतो, त्याबद्दल पेंढ्याला शिव्या देऊ नयेत. कार्बाइडची पुडी घालून पिकवणं कायद्याने बंद आहे. घाई असेल तर खोक्यात दोन पिकलेली केळी ठेवा, तेच इथिलिन.

थंडगार
कॅनडाच्या थंडीतून. इथे कढीपत्ता महाग, म्हणून सांगतो. देठांवरून ओरपून, धुऊन, पूर्ण कोरडा करून पिशवीतली हवा दाबून काढून फ्रीजरमध्ये. रंग जातो, फोडणीत वास येतो. वितळू न देता थेट तेलात टाकायचा. उणे तापमानाच्या गॅरेजमध्ये कांदे-बटाटे ठेवू नका, गोठून वितळले की पाण्याच्या पिशव्या होतात.

निशिगंध
फ्रीजरचा विषय निघालाय तर मटार का काळे पडतात? आणि लिंबं दगड का होतात?

मिरगुंड
मटार न वाफवता भरले की एन्झाइम्स गोठूनही हळूहळू काम करत राहतात, रंग-चव जाते. भरपूर उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, कापडावर कोरडे, ताटात सुटे पसरून गोठवायचे, मग पिशवीत. ताटाची पायरी गाळली तर मटारची वीट मिळेल. एका वेळी किलोभर ओतू नका, पाणी उकळायचं थांबतं आणि दाणे नुसते मऊ होतात. सोलल्या दिवशीच करा, शिळ्या मटारातली साखर स्टार्च झालेली असते.

लिंबं फ्रिजमध्ये उघडी ठेवली की साल सुकते. कोरडी पुसून हवा काढलेल्या बंद पिशवीत तीन-चार आठवडे रसदार राहतात. भाज्यांमध्ये हा एक अपवाद, इथे पिशवी घट्टच बंद करायची.

शेवग्याची शेंग
एक धोक्याची सूचना. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची पद्धत व्हिडिओंमधून पसरली आहे. तेलाखाली हवा नसते, लसणाला आंबटपणा नसतो, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू अशाच जागी विष तयार करतात. वास किंवा रंगावरून कळत नाही. थोडा करा, फ्रिजमध्येच ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. नाहीतर गोठवा. आले-लसणाची पेस्ट हिरवी-निळी पडली तर घाबरू नका, ती लसणातल्याच द्रव्यांची आपसातली प्रक्रिया, विषारी नाही. अख्खा लसूण गड्ड्याने, जाळीत टांगून.

पडवळ
सर्वांचे आभार, फोडणी यांचेही. ड्रॉवर भाज्यांना दिला, फळं वर. मूळ प्रश्न मात्र बाल्कनीत आहे. गोणी आत घ्यायचीच, पण ती आत्ता ओलसर आहे आणि तळाशी वास येतोय. तशीच क्रेटमध्ये ओतू का?

चाळीतला कांदा
ओतू नका, एक एक काढा. हॉलमध्ये कोरड्या पोत्यावर पसरा, एकावर एक नाही. वासाचा कांदा शोधायला मान आणि बूड दोन्ही दाबा, बुडाची सड लोक विसरतात. सडक्याला टेकलेले दोन-चार कांदे पुसून वेगळे ठेवा, वरून चांगले दिसले तरी, आणि ते याच आठवड्यात संपवा. उरलेले दोन दिवस पंख्याखाली, पापुद्रे हातात कुरकुरले की क्रेटमध्ये. ऊन पडलं तरी उन्हात ठेवू नका, भाजलेल्या ठिकाणी पुन्हा सड धरते. गोणी धुऊन वाळवा किंवा टाका, पण तिच्यात परत कांदा भरू नका.

आणि निम्मे वाया गेले असतील तर मला वाटतं तो उन्हाळ नव्हताच. एका कांद्याच्या सालीचा फोटो टाका, सांगतो.